हात राखून: गहू, तेल, वीज, तूप आणि सोनं

या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी जे पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते निवडून घेतले आहेत. भाव गावागणिक आणि महिन्यागणिक बदलतात. त्यामुळे उत्तरांत जिथे "धरू" म्हटलं आहे, तिथे तुमच्या बाजारातला आकडा घाला आणि हिशोब पुन्हा करून पाहा. रीत तीच राहते.

प्रश्न (सांगली): घरात आम्ही पाच माणसं. सासूबाईंचं म्हणणं, वर्षाचे गहू एप्रिलमध्येच भरून ठेवायचे. यांचं म्हणणं, आता बाजार बारमाही आहे, महिन्याला पिठाची पिशवी आणावी. मागच्या वर्षी भरलेल्या गव्हाला श्रावणात सोंडे झाले आणि तीस किलो गहू टाकून द्यावे लागले. कुणाचं ऐकावं?

उत्तर: आधी घराला किती गहू लागतात ते काढू. एक किलो कणकेत साधारण 600 मिली पाणी जातं, म्हणजे 1,600 ग्रॅमचा गोळा होतो. पोळीला 50 ग्रॅमची लाटी धरली तर 32 पोळ्या. तुमच्याकडे रोज 24 पोळ्या होत असतील तर रोजची कणीक पाऊण किलो, वर्षाची 270 किलोच्या आसपास. भाकरीचे दिवस त्यातून वजा करा.

आता पैशाचं बघू. गहू 38 रुपये किलो धरू. 270 किलोला 10,260 रुपये एकदम घालावे लागतात. तेच पैसे बँकेत 7 टक्क्यांनी राहिले असते. पण गहू वर्षभर थोडे थोडे संपतात, म्हणून व्याज निम्म्याच रकमेवर धरायचं, ते सुमारे 360 रुपये. नीट साठवूनही 2 टक्के नासाडी धरली तर आणखी 205. दोन्ही मिळून किलोमागे दोन रुपये दहा पैसे, बाकी किरकोळ धरून सव्वादोन; एरंडेल लावणार असाल तर त्याचा खर्च वेगळा मिळवा. वर्षभराचा सरासरी भाव एप्रिलच्या भावापेक्षा सव्वादोन रुपयांनी चढणार असेल तरच भरून ठेवण्यात फायदा आहे. नवा गहू मार्च ते मे या काळात बाजारात येतो, तेव्हा भाव सहसा पडलेला असतो आणि दिवाळीकडे तो चढतो. त्यामुळे बहुतेक वर्षी सासूबाईंचं गणित बरोबर येतं. पण तीस किलो टाकून दिले त्या वर्षी नाही. तीस किलो म्हणजे 1,140 रुपये, सगळा फायदा त्यात गेला. म्हणून भरायचे की नाही यापेक्षा साठवायचे कसे, हे आधी सोडवायला हवं.

सोंडे कोठीत बाहेरून येतात असा समज आहे. बऱ्याचदा ते गव्हातूनच येतात. मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि वरून बुजवते. दाणा बाहेरून स्वच्छ दिसतो. पावसाळी उबेत महिना-सव्वा महिन्यात त्यातून किडा बाहेर पडतो आणि त्याची पुढची पिढी श्रावणात तुमच्या नजरेस येते. म्हणून चाळून, निवडून भागत नाही, दाण्याच्या आतलं अंडं मारावं लागतं. ते काम ऊन करतं.

घेताना मूठभर गहू हातात घेऊन आधी वास घ्या. कोंदट वास आला तर ते पोतं सोडा. चार दाणे दाढेखाली धरा. 'कट्ट' आवाज होऊन दाणा तुटला तर तो वाळलेला आहे, चेपला तर ओल आहे. लोकवन घ्या की सिहोर, हा चवीचा आणि खिशाचा प्रश्न. लोकवन म्हणजे गुजरातेतल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत तयार झालेलं 'लोक-1' हे वाण. रोजच्या पोळीला ते उत्तम.

घरी आणल्यावर दोन ते तीन कडक उन्हं द्या. थर दोन बोटांपेक्षा जाड नको आणि दिवसातून तीन-चारदा पायानं किंवा फावडीनं खालीवर करा. खाली काळा प्लास्टिकचा कागद आणि दुपारी वरून पारदर्शक कागद घातला तर आतली उष्णता पन्नास अंशांच्या वर जाते, त्यात अंडी टिकत नाहीत. ऊन उतरायच्या आत गहू घरात घ्या. आणि इथेच बहुतेकांची चूक होते: गरम गहू थेट कोठीत भरतात. झाकण लागलं की आतल्या पत्र्याला घाम सुटतो, वरच्या थरात ओल धरते, आधी जाळी आणि मग बुरशी. गहू रात्रभर घरात पसरून पूर्ण गार होऊ द्या, कोठी सकाळी भरा.

कोठी आधी रिकामी करून उन्हात ठेवा. कडेच्या सांध्यांत मागच्या वर्षीचं पीठ अडकलेलं असतं, ते खरवडून काढा. किडे तिथेच दबून बसतात. एकच मोठी कोठी करण्यापेक्षा पन्नास-पन्नास किलोचे भाग करा. एकाला कीड लागली तरी बाकीचे वाचतात, आणि रोज उघडझाप एकाचीच होते. शंभर किलोला अर्धा लिटर एरंडेल हातानं चोळून लावलं तर किडीला दाण्यावर अंडी घालणं अवघड जातं. जास्त लावू नका, पीठ चिकट होऊन गिरणीवाला कुरकुरतो. कडुनिंबाचा पाला घालायचा तर सावलीत कुरकुरीत वाळलेलाच, ओल्या पाल्यानं फक्त ओलावा वाढतो. शेतीमालाच्या दुकानात मिळणाऱ्या जाड, हवाबंद पिशव्याही चांगल्या. तोंड घट्ट बांधलं की आतला प्राणवायू किडेच संपवतात आणि मरतात. एकदा उघडलेली पिशवी मात्र त्या महिन्यातच संपवावी.

एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. गोदामात धान्यात ठेवतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या कुणी कितीही आग्रहानं दिल्या तरी घरात आणू नका. हवेतल्या ओलाव्यानं त्यांतून फॉस्फीन वायू सुटतो. बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा तो जीव घेतो आणि त्यावर उतारा नाही.

गच्ची नाही, ऊन मिळत नाही अशा फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी वर्षाचे गहू भरूच नयेत. मशिनवर साफ केलेले दोन-तीन महिन्यांपुरते आणावेत आणि गिरणीत दळावेत. तयार पिठाच्या पिशवीशी तुलना केली तर गहू अधिक दळणावळ हेच स्वस्त पडतं, आणि कोंडाही आपल्याच पिठात राहतो.

प्रश्न (अकोला): तेलाचा डबा दोन दुकानांत विचारला. एकाकडे दोनशे रुपयांनी स्वस्त, कंपनी तीच. स्वस्त डब्यात भेसळ असेल का?

उत्तर: भेसळीच्या आधी डब्यावरचं वजन वाचा. बाजारात दोन डबे सारखेच दिसतात: एक 15 किलोचा, दुसरा 15 लिटरचा. तेल पाण्यापेक्षा हलकं, एक लिटर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं. म्हणून 15 लिटरच्या डब्यात 13 किलो 650 ग्रॅमच तेल असतं. फरक 1 किलो 350 ग्रॅमचा. तेल दीडशे रुपये किलो धरलं तर 202 रुपये. तुमचे दोनशे रुपये बहुधा तिथेच आहेत, स्वस्त काहीच नाही.

पिशव्यांचं तेच. पूर्वी पिशवी म्हणजे एक लिटर, 910 ग्रॅम, हे ठरलेलं होतं. आता त्याच आकाराच्या पिशवीत 850 आणि 800 ग्रॅमही येतं. धरा, 910 ग्रॅमला 140 रुपये, 850 ला 132, 800 ला 125. हाताला 125 ची पिशवी स्वस्त लागते. किलोचा भाव काढला तर पहिली 153.85, दुसरी 155.29 आणि तिसरी 156.25. सगळ्यांत महाग तीच निघाली. आता पाकिटांवर प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो दर छापलेला असतो, एमआरपीच्या जवळच बारीक अक्षरांत. दुकानात चष्मा लावून तेवढाच आकडा वाचला तरी पुरतं. मोठं पाकीट नेहमी स्वस्त हाही भ्रम आहे. शाम्पूच्या छोट्या पुड्या बऱ्याचदा बाटलीपेक्षा मिलीमागे स्वस्त पडतात.

डबा घ्यावा का? महिन्याला पाच लिटर तेल लागणाऱ्या घरानं जरूर घ्यावा. महिन्याला दोन-अडीच लिटर लागत असेल तर डबा सहा महिने उघडा राहतो, तेल हवा लागून खवट होतं आणि शेवटचे दोन लिटर दिव्याला जातात. अशांनी शेजारणीबरोबर डबा निम्मा वाटून घ्यावा, नाहीतर पिशव्याच बऱ्या. सुटं तेल घेऊ नका. ते विकायला कायद्यानं मनाई आहे आणि त्यात काय मिसळलंय ते डोळ्यांनी कळत नाही.

प्रश्न (पुणे): गॅस महाग झाला म्हणून इंडक्शन शेगडी घ्यावी असं सगळे म्हणतात. आमचं महिन्याचं बिल 160-170 युनिटचं असतं. 100 युनिटच्या वर गेलं की सगळंच बिल चढ्या दरानं लागतं असंही ऐकलंय. काय करावं?

उत्तर: दुसऱ्या गोष्टीपासून सुरू करू, कारण तो गैरसमज घरोघरी आहे. 101 वं युनिट पडलं म्हणून पहिल्या 100 युनिटांचा दर बदलत नाही. पहिली 100 पहिल्या दरानं, 101 ते 300 पुढच्या दरानं, अशी पायरी असते. मात्र ही पायरी उंच आहे: महावितरणच्या घरगुती दरांत 100 नंतरचं युनिट जवळपास दुपटीनं महाग पडतं. त्यामुळे बचत करताना आणि नवं उपकरण आणताना हिशोब नेहमी शेवटच्या पायरीच्या दरानं करायचा. नवी शेगडी तुमच्या 165 युनिटांच्या वर चढणार, खाली नाही.

आता गॅस. एका किलो गॅसमध्ये सुमारे पावणेतेरा युनिट विजेइतकी उष्णता असते. 14.2 किलोच्या सिलिंडरमध्ये 181 युनिट. शेगडीची ज्योत भांड्याच्या कडेनं निसटते, चांगल्या शेगडीवर 65 टक्के उष्णता भांड्यात जाते असं धरलं तर हातात येतात 117 युनिट. इंडक्शनमध्ये 85 टक्के भांड्यात जाते. म्हणजे एका सिलिंडरचं काम करायला विजेची 138 युनिटं लागतील. सिलिंडर 900 रुपयांचा धरला तर 900 भागिले 138, म्हणजे साडेसहा रुपये. सगळे आकार धरून तुमचं शेवटचं युनिट साडेसहा रुपयांच्या आत पडत असेल तर इंडक्शन स्वस्त, वर पडत असेल तर गॅस स्वस्त.

बिल हातात घ्या. 101 ते 300 च्या ओळीतला वीज आकार, त्यात प्रति युनिट वहन आकार, असला तर इंधन समायोजन आकार, आणि या सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क. बेरीज दहा रुपयांच्या वर जाते. तुमच्यासाठी गॅसच स्वस्त आहे. इंडक्शन घ्याच, पण सिलिंडर संपला आणि दुसरा आला नाही त्या दिवसापुरती. गोव्यातल्या नातेवाइकांनी सल्ला दिला असेल तर त्यांचंही चुकत नाही. तिथला घरगुती वीजदर आपल्यापेक्षा खूपच कमी आहे, त्यामुळे तिथे हेच गणित उलटं येतं.

वीज वाचवायचीच असेल तर पंख्यांकडे बघा. जुना पंखा 75 वॅट खातो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या मोटरचा) पंखा 30 वॅट. रोज 12 तास चालणाऱ्या पंख्यामागे महिन्याला 16 युनिटं वाचतात, शेवटच्या पायरीच्या दरानं पावणेदोनशे रुपयांच्या पुढे. नवा पंखा साध्यापेक्षा 1,300 रुपयांनी महाग पडला तरी पंखा चालतो अशा सात-आठ महिन्यांत पैसे फिटतात. पण झोपायच्या खोलीतला आधी बदला, पाहुण्यांच्या खोलीतला राहू द्या. बसवताना भिंतीवरचा जुना रेग्युलेटर काढून थेट बटणावर जोडणी करून घ्या. रेग्युलेटर तसाच ठेवल्यानं आतलं सर्किट जळू शकतं, आणि वॉरंटीवरून वाद होतो तो वेगळाच. गिझरचा थर्मोस्टॅट 70 वर असेल तर 50 वर आणा. वीस लिटरची एक बादली 22 अंशांवरून 42 वर न्यायला अर्धं युनिट लागतं, त्यापुढे तापवून पुन्हा गार पाणी मिसळणं म्हणजे टाकीभोवती उष्णता वाया घालवणं. टीव्हीचा सेटटॉप बॉक्स रात्री बटणावरून बंद केला तर तोही महिन्याला दोन-तीन युनिटं वाचवतो.

प्रश्न (नाशिक): सिलिंडर पूर्वी 45 दिवस जायचा, आता 36. गॅस कमी भरलेला येतो का?

उत्तर: दारातच तपासा. सिलिंडरच्या वरच्या कड्याच्या पट्टीवर रिकाम्या सिलिंडरचं वजन रंगवलेलं असतं, समजा 15.9. त्यात 14.2 मिळवा: 30.1 किलो भरायला हवं. डिलिव्हरीवाल्याकडे वजनकाटा मागायचा तुम्हाला हक्क आहे, संकोच करू नका. त्याच पट्ट्यांवर 'बी-28' असं काहीतरी लिहिलेलं असतं. ए म्हणजे मार्चअखेर, बी जून, सी सप्टेंबर, डी डिसेंबर, पुढचा आकडा वर्षाचा. ही सिलिंडरच्या पुढच्या तपासणीची मुदत, ती उलटून गेलेला सिलिंडर घेऊ नका.

वजन बरोबर निघालं तर गळती कुकरच्या शिट्टीत आहे. पहिली शिट्टी झाली की आतलं तापमान 120 अंशांच्या आसपास पोचलेलं असतं. पुढच्या प्रत्येक शिट्टीनं ते वाढत नाही, नुसती वाफ आणि गॅस बाहेर जातो. पहिल्या शिट्टीनंतर ज्योत अगदी बारीक करून तुरीची भिजवलेली डाळ आठ-दहा मिनिटं ठेवा, बंद करा, झाकण आपोआप पडू द्या. डाळ अर्धा तास भिजवायची, चिंच-आमसूल शिजल्यावरच. कडेनं वाफ सुटत असेल तर गॅस्केट पाहा: वाकवल्यावर तडे दिसले की बदला, नुसतं सैल झालं असेल तर अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवल्यानं काही दिवस निभावतं.

प्रश्न (कोल्हापूर): रोज दीड लिटर म्हशीचं दूध येतं. साय साठवून तूप करते, पण तुपाला वास येतो आणि रवा धरत नाही. एवढ्या खटाटोपापेक्षा विकतचं आणावं का?

उत्तर: विकतचं आणू नका. म्हशीच्या दुधात 6 ते 7 टक्के स्निग्धांश असतो, सायीतून त्यातला साधारण निम्मा हाती येतो. लिटरमागे 30 ते 35 ग्रॅम तूप. तुमच्या महिन्याच्या 45 लिटरांतून दीड किलोच्या आसपास तूप निघायला हवं, त्याहून बरंच कमी निघत असेल तर साय नीट धरत नाही असं समजा. कढवायला लागणारा गॅस चार-पाच रुपयांचा. साय काढलेलं दूध चहाला, विरजणाला आहेच, आणि ताकाची कढी होते ती वेगळी.

साय जाड हवी असेल तर दूध उतू येऊन गेल्यावर बारीक आचेवर पाच-सात मिनिटं राहू द्या, ढवळू नका. गार होताना वर ताटली नको, जाळी ठेवा. ताटलीखाली वाफेचे थेंब जमून सायीवर पडतात आणि ती पातळ, पाणचट होते. पूर्ण गार झाल्यावर फ्रीजमध्ये सहा-आठ तास, मग झाऱ्यानं अख्खी उचला.

वासाचं कारण जवळजवळ नेहमी एकच: विरजण न लावता पंधरा-पंधरा दिवस साठवलेली साय. फ्रीजमध्ये साय नासत नाही असं वाटतं, पण ती हळूहळू खवट, कडवट होत असते, आणि तो वास कढवून जात नाही. पहिल्या दिवशीच्या सायीत चमचाभर ताजं, गोड दही घाला, रोजची साय त्यात मिसळत जा. आठ दिवसांच्या वर ठेवू नका. घुसळायच्या आदल्या रात्री डबा बाहेर काढा म्हणजे सगळी साय सारखी आंबते. उन्हाळ्यात चार-पाच तास पुरतात.

घुसळताना पाण्याचा हात महत्त्वाचा. उन्हाळ्यात बर्फाचं पाणी, थंडीत कोमट. साय फार ऊबदार असेल तर लोणी तेलकट होऊन रवीला चोपडतं, गोळा होत नाही. फार गार असेल तर नुसता फेस येत राहतो आणि हात दुखतात. बारीक कणी दिसायला लागली की थोडं गार पाणी घालून सावकाश फिरवा, कणी एकमेकींना धरतात आणि गोळा वर येतो. लोणी दोन पाण्यांतून धुवा, पाणी नितळ निघेपर्यंत. लोण्यात राहिलेलं ताक तळाला करपतं आणि तोही एक वास तुपात उतरतो.

कढवायला जाड बुडाचं पातेलं, निम्मंच भरलेलं. आधी मध्यम आच, वितळल्यावर बारीक. पांढरा फेस येतो, तडतड सुरू होते, ते लोण्यातलं पाणी जातंय. सगळं लक्ष या आवाजाकडे ठेवा. तडतड मंदावते, थांबते, तळ दिसायला लागतो आणि मग पुन्हा एक बारीक, हलका फेस वर येतो. त्या क्षणी बेरी फिक्या बदामी रंगाची असते, तेव्हाच गॅस बंद. गरम तुपात बेरी पुढेही भाजली जाते, त्यामुळे लालसर होईपर्यंत थांबलात तर उतरवेपर्यंत ती करपते. विड्याचं पान घालायचं असेल तर याच वेळी.

आता रवा. तूप कोमट असताना कोरड्या बरणीत गाळा आणि बरणी ओट्याच्या कोपऱ्यात रात्रभर हलवू नका. रवा सावकाश गार होण्यात धरतो. गरम तूप लवकर थिजावं म्हणून फ्रीजमध्ये ठेवलं तर ते डालड्यासारखं एकसंध, गुळगुळीत होतं. तुमचंही तेच होत असावं. झालेलं असेल तर पुन्हा पातळ करून सावकाश गार होऊ द्या, रवा येईल. बेरीत साखर घालून मुलांना द्या.

प्रश्न (जळगाव): सराफाच्या योजनेत महिन्याला 5,000 असे 11 हप्ते भरले की बारावा तो घालतो. लेकीच्या लग्नासाठी घ्यावी का?

उत्तर: कागदावर परतावा उत्तम दिसतो: 55,000 भरून 60,000 मिळतात. पण ते 60,000 त्याच दुकानात, दागिन्यावरच खर्चायचे असतात, म्हणून घडणावळ विचारल्याशिवाय उत्तर पूर्ण होत नाही. 60,000 तून 3 टक्के जीएसटी बाजूला काढला तर उरतात 58,250. घडणावळ 18 टक्के असेल तर प्रत्यक्ष सोनं 49,350 रुपयांचं. तेच हप्ते बँकेच्या आवर्ती ठेवीत साडेसहा टक्क्यांनी ठेवले तर वर्षाच्या शेवटी 57,085 होतात. ते घेऊन 8 टक्के घडणावळीच्या दुकानात गेलात तर जीएसटी धरूनही 51,300 रुपयांचं सोनं येतं. म्हणजे फुकटचा हप्ता मिळूनही योजनेत जवळपास 1,950 रुपयांचं सोनं कमी. दोन्ही गणितं बरोबरीला येतात ती दुसऱ्या दुकानात साधारण 12 टक्के घडणावळ असेल तेव्हा.

घडणीचा एकच नमुना धरून तुलना करा. साधी वाटी-मण्यांची पोत आणि नक्षीची ठुशी यांची घडणावळ सारखी असूच शकत नाही. योजनेत दर महिन्याला त्या दिवसाच्या भावानं ग्रॅम जमा होतात की नुसते रुपये, हेही विचारा. नुसते रुपये जमा होणार असतील आणि वर्षात सोनं चढलं, तर ती चढ पूर्ण तुमच्या अंगावर. शिवाय बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा आहे, सराफाकडच्या हप्त्यांना नाही.

कुठेही घ्या, दागिन्यावर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, 22 कॅरटला '22के916' आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, हवाच. 1 एप्रिल 2023 पासून एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. दुकानात उभ्या उभ्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो क्रमांक टाकून पाहा. खड्यांचं वजन सोन्याच्या वजनातून वजा केलंय का ते पावतीवर वेगळं लिहून घ्या. खड्याला सोन्याचा भाव देऊन बसणं ही सगळ्यांत महागाची चूक आहे.

प्रश्न (ठाणे): सहा वर्षांचा मिक्सर चटणी वाटताना बंद पडला. दुकानदार म्हणतो नवा घ्या, दुरुस्ती परवडत नाही.

उत्तर: आधी पाच मिनिटं घरीच द्या. प्लग काढा, मिक्सर उलटा करा. बुडाला लाल किंवा काळं छोटं बटण असतं. जास्त भार आला की ते बाहेर येऊन वीज तोडतं. मोटर गार होऊ द्या, बटण आत दाबा, रिकामं भांडं लावून चालवून पाहा. बऱ्याच 'बिघडलेल्या' मिक्सरांचा आजार एवढाच असतो.

मोटर फिरते पण पातं फिरत नाही, तर कपलर झिजलाय. रबराचा किंवा प्लास्टिकचा तो चक्राकार भाग थोडक्या पैशांत मिळतो. बदलताना वरून पातं घट्ट धरायचं किंवा खालून मोटरचा दांडा, आणि लक्षात ठेवायचं की बहुतेक मिक्सरांत कपलरचे आटे उलटे असतात, जोर लावून नेहमीच्या दिशेनं फिरवलं तर आणखी आवळतो. आतून ठिणग्या दिसतात, थांबत थांबत चालतो, तर कार्बन ब्रश संपलेत. जोडी बदलली की मोटर पुन्हा पहिल्यासारखी. भांड्याच्या बुडातून काळपट पाणी गळतं, तर बुश आणि वॉशर. ते बदलेपर्यंत त्या भांड्यात काही वाटू नका, तो काळपटपणा अन्नात उतरतो.

जळका वास, धूर आणि बटण दाबूनही शांत, तेव्हा मोटर जळली असं समजा. वाइंडिंग करून घ्यायचा खर्च नव्या मिक्सरच्या एक तृतीयांशाच्या आत असेल आणि कारागीर तांब्याची तार वापरून सहा महिन्यांची हमी लिहून देत असेल तर करून घ्या, नाहीतर नवा घ्या. जुनी भांडी नव्या मिक्सरवर बसतात का ते आधी तपासा. आणि चटणी वाटताना भांडं दोन तृतीयांशाच्या वर भरू नका, खोबरं-दाणे आधी कोरडे फिरवून मग पाणी घाला, दर अर्ध्या मिनिटाला थांबा. सुकं खोबरं एकदम भरून सलग तीन मिनिटं चालवलं की मोटर जळायला तेवढंच पुरतं.